आर्क्टिक परिषद

उत्तर ध्रुवीय प्रदेशाचे पर्यावरण व तेथील लोकजीवन यांविषयी सहकार्य करणारे आठ राष्ट्रांचे व्यासपीठ. स्थापना ऑटावा (कॅनडा) येथे १९ सप्टेंबर १९९६ रोजी. अमेरिका, आइसलँड, कॅनडा, डेन्मार्क (ग्रीनलँड व फेरो बेटांसह), नॉर्वे, फिनलंड, रशिया व स्वीडन हे सदस्य. सचिवालय नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे.

अंटार्क्टिकावर मूळची मनुष्यवस्ती नाही आणि त्याचा कारभार १९५९ च्या करारानुसार चालतो. आर्क्टिक हा मात्र देशांनी वेढलेला, किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या नांदती वस्ती असलेला महासागर. १९८७ मध्ये मुर्मान्स्क येथे मिखाइल गोर्बाचेव्ह यांनी तो शांततेचा प्रदेश व्हावा असे आवाहन केले. १९९१ मध्ये रोवानिएमीला आठही देशांनी पर्यावरणरक्षणाचा कार्यक्रम स्वीकारला आणि त्यातून पुढे परिषद उभी राहिली.

परिषदेचा आधार घोषणापत्राचा आहे, कराराचा नाही. निर्णय सर्वसहमतीने होतात आणि लष्करी सुरक्षेचा विषय मुळातच वगळलेला आहे. या मर्यादेमुळेच ती इतकी वर्षे टिकली, असे म्हणावे लागते. तिचे सर्वांत मोलाचे वैशिष्ट्य म्हणजे इन्युइट, सामी, अल्यूट, अथबास्कन, ग्विचिन आणि रशियाच्या उत्तरेकडील मूलनिवासी यांच्या सहा संघटनांना मिळालेले कायम सहभागींचे स्थान. त्यांना मताधिकार नाही. पण त्यांच्याशी सल्लामसलत करणे सदस्यांवर बंधनकारक आहे. ज्यांच्या पायाखालची जमीन वितळते आहे, त्यांना राज्यकर्त्यांच्या शेजारी बसवणारी अशी आंतरराष्ट्रीय संस्था विरळाच.

प्रत्यक्ष काम सहा कार्यगट करतात. २००४ च्या हवामानविषयक अहवालात शास्त्रज्ञांच्या मोजमापांसोबत मूलनिवासींच्या निरीक्षणांनाही स्थान मिळाले. परिषदेच्या पुढाकाराने आठ देशांत तीन बंधनकारक करार झाले : शोध व बचाव (नूक, २०११), तेलगळतीचा मुकाबला (किरुना, २०१३) आणि वैज्ञानिक सहकार्य (फेअरबँक्स, २०१७). २०१९ मध्ये मात्र हवामानबदलाच्या उल्लेखाला अमेरिकेने हरकत घेतल्याने मंत्रिपरिषदेला प्रथमच संयुक्त घोषणापत्राविना उठावे लागले.

भारत २०१३ पासून निरीक्षक आहे. स्वालबारमधील ‘हिमाद्री’ हे भारतीय संशोधन केंद्र २००८ मध्ये सुरू झाले. गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र त्याचे काम पाहते. आर्क्टिकमधील बदलांचा आपल्या मोसमी पावसाशी असलेला संबंध हा त्याच्या अभ्यासाचा एक विषय आहे.

रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर ३ मार्च २०२२ रोजी इतर सात देशांनी बैठकांतील सहभाग थांबवला. तेव्हा अध्यक्षपद रशियाकडेच होते. मे २०२३ मध्ये ते नॉर्वेकडे, तर मे २०२५ मध्ये डेन्मार्ककडे गेले. २०२४ पासून कार्यगटांच्या दूरस्थ बैठका पुन्हा होऊ लागल्या, राजकीय पातळीवरचा संवाद मात्र खुंटलेलाच राहिला. यात विज्ञानाची हानी मोठी आहे. आर्क्टिक महासागराचा निम्म्याहून अधिक किनारा रशियाचा आहे, आणि सायबेरियातील वितळत्या कायमगोठित जमिनीच्या नोंदींवाचून ध्रुवीय तापमानवाढीचा कोणताही हिशेब अपुराच राहतो.