काळा रंग कुठवर पुरणार?

८ सप्टेंबर २०१३ च्या रात्री चीनमधील ग्वांगझोहून आलेले थाई एअरवेजचे विमान बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर उतरताना धावपट्टीवरून घसरले. काही प्रवासी जखमी झाले, पण सुदैवाने कुणी दगावले नाही. एरवी ही बातमी दोन दिवसांत लोक विसरले असते. पण दुसऱ्या दिवशी जगभर एक वेगळेच छायाचित्र झळकले. कामगार विमानाच्या शेपटीवरचे कंपनीचे बोधचिन्ह काळ्या रंगाने पुसून टाकत होते! कंपनीचा एक अधिकारी म्हणाला, आम्ही स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या संघाचे सभासद आहोत, त्यांचाच हा नियम आहे. संघाने लगेच सांगितले, आमचा असा काही नियम नाही. मग सारवासारव झाली. व्हायचे ते हसे झालेच. ज्या नावाकडे कुणी बघू नये म्हणून रंग लावला, ते नाव त्या रंगामुळेच साऱ्या जगाने वाचले.

अपघातानंतर नाव झाकण्याची ही रीत विमान कंपन्यांत जुनीच आहे. पत्र्यावरचा रंग दिसतो तरी, म्हणून लोक त्याला हसू शकतात. पण असाच रंग कधी कधी कागदावर चढवला जातो. तो दिसत नाही, आणि खरवडून काढायला एक पिढी खर्ची पडते. न्यूझीलंडच्या एरेबस दुर्घटनेचा इतिहास हा अशा रंगाचा इतिहास आहे.

एअर न्यूझीलंड ही तेव्हा सरकारी मालकीची कंपनी होती. १९७७ पासून तिने ऑकलंडहून अंटार्क्टिकाची हवाई सहल सुरू केली होती. सकाळी निघायचे, खिडकीतून हिमप्रदेश बघायचा, आणि तिथे न उतरता संध्याकाळी परत यायचे. २८ नोव्हेंबर १९७९ रोजी निघालेले डीसी-१० विमान मात्र परतले नाही. रॉस बेटावरील एरेबस या ३,७९४ मीटर उंचीच्या ज्वालामुखी पर्वताच्या उतारावर ते आदळले. २३७ प्रवासी आणि २० कर्मचारी, असे २५७ जण गेले. न्यूझीलंडची लोकसंख्या तेव्हा जेमतेम ३१ लाख. लहान मुलखात दुःख कसे पसरते ते आपल्या गोव्याच्या लोकांना वेगळे सांगायला नको. कुणाचा शेजारी, कुणाचा सोयरा, कुणाचा शाळासोबती त्यात निघतोच.

अपघातांचे मुख्य निरीक्षक रॉन चिपिन्डेल यांचा अहवाल जून १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. आपण नेमके कुठे आहोत याची खात्री नसताना, समोरचे नीट दिसत नसताना, वैमानिकांनी विमान खाली आणून पुढे नेले, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे चूक वैमानिकांची. कॅप्टन जिम कॉलिन्स आणि सहवैमानिक ग्रेग कॅसिन दोघेही मेलेले. मेलेल्या माणसाला दोष देणे सर्वांत सोपे. तो खुलासा द्यायला येत नाही. कंपनीच्या नावाला धक्का नाही, मालक असलेल्या सरकारलाही त्रास नाही. ती जोखीम दोन घरांनी सोसायची, जिथे आधीच कर्ता पुरुष गेला होता.

पण लोकांचे समाधान झाले नाही. सरकारने न्यायमूर्ती पीटर मॅहन यांचा चौकशी आयोग नेमला. २७ एप्रिल १९८१ रोजी आलेल्या त्यांच्या अहवालाने चित्र पालटले.

झाले होते ते असे. कंपनीच्या संगणकात अंटार्क्टिकाच्या मार्गाचे जे आकडे होते, त्यांत १९७८ पासून एक चूक शिरली होती. त्या चुकीमुळे मार्ग पर्वतावरून न जाता पश्चिमेला सुमारे २७ मैलांवर, मॅकमर्डो साउंड या सपाट, गोठलेल्या समुद्रावरून जात होता. चूक खरी, पण मार्ग सुरक्षित. उड्डाणाच्या १९ दिवस आधी कॉलिन्स आणि कॅसिन यांना जी माहिती दिली, ती याच मार्गाची. आदल्या रात्री कॉलिन्स यांनी घरी नकाशे पसरून मार्ग आखला, तोही हाच. आणि त्याच रात्री कंपनीच्या दिशादर्शन विभागात कुणीतरी आकडे 'दुरुस्त' केले. नवा मार्ग सरळ एरेबसवरून जात होता. हे वैमानिकांना कुणी सांगितले नाही. वर पांढरे ढग, समोर पांढरा उतार. क्षितिजच हरवते, आणि चढण असूनही सपाट मैदान पसरल्यासारखे दिसते. आपण समुद्रावर आहोत अशा खात्रीने ते पर्वताकडे गेले.

मॅहन यांनी मृत वैमानिकांवरचा दोष काढला. पण अहवाल गाजला तो दुसऱ्याच कारणाने. दुर्घटनेनंतर कंपनीचे प्रमुख मॉरी डेव्हिस यांनी हुकूम दिला होता, की संबंधित कागदांची एकच प्रत एका फायलीत ठेवावी आणि बाकीच्या प्रती नष्ट कराव्यात. हेतू काय, तर कागद बाहेर फुटू नयेत. माझ्यासारख्या कारकुनी करणाऱ्या माणसाला या एका वाक्याचा अर्थ लगेच कळतो. एकाच ठिकाणी असलेला कागद म्हणजे एकाच माणसाच्या हाती असलेला कागद. जादा प्रती ठेवणे हा कार्यालयातला पसारा वाटतो खरा, पण प्रसंगी सत्याला तोच पसारा वाचवतो.

आणखी एक गोष्ट. विमान इतके खाली उतरवायला आमची परवानगीच नव्हती, असे कंपनीचे म्हणणे. पण ही विमाने खाली उतरून कशी जवळून दृश्ये दाखवतात, याचे वर्णन कंपनीच्याच प्रसिद्धीपत्रकात छापून घरोघर गेले होते. नाव वाढवायला काढलेला कागदच नाव वाचवण्याच्या आड आला. कंपनीच्या साक्षींबद्दल मॅहन यांनी लिहिले, की ही ठरवून जुळवलेल्या असत्यांची माळ आहे. हे शब्द न्यूझीलंडच्या बोलीत म्हणीसारखे रुळले. डेव्हिस थोड्याच दिवसांत पायउतार झाले.

मात्र गोष्ट इथे संपत नाही, आणि एकतर्फी सांगणेही बरोबर नाही. कंपनी अपिलात गेली. ज्यांच्यावर कट केल्याचा ठपका ठेवला त्यांना त्याबद्दल बाजू मांडायची संधीच दिली नाही, हे म्हणणे डिसेंबर १९८१ मध्ये अपील न्यायालयाने मान्य केले. मॅहन यांनी न्यायाधीशपद सोडले. १९८३ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही त्यांचे अपील फेटाळले, पण दुर्घटनेच्या कारणाचा त्यांनी लावलेला शोध वाखाणला. म्हणजे कटाचा ठपका टिकला नाही, कारणाची मीमांसा टिकली. तरी पंतप्रधान रॉबर्ट मल्डून यांच्या सरकारने तो अहवाल संसदेच्या पटलावर ठेवला नाही. तो ठेवला गेला १९९९ साली. मॅहन १९८६ मध्येच वारले होते.

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, असे आपण म्हणतो. खरे आहे. पण तांबडे फुटायला किती वेळ लागावा? ऑक्टोबर २००९ मध्ये, तीस वर्षांनी, कंपनीचे तेव्हाचे प्रमुख रॉब फाइफ यांनी कुटुंबीयांची माफी मागितली. तीही दुर्घटनेनंतर त्यांना मिळालेल्या वागणुकीबद्दल, दुर्घटनेबद्दल नव्हे. पुरती माफी आली २८ नोव्हेंबर २०१९ रोजी, चाळिसाव्या स्मृतिदिनी. पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी तेव्हाच्या मालकाच्या, म्हणजे सरकारच्या वतीने माफी मागितली आणि वैमानिक दोषी नव्हते हे पुन्हा स्पष्ट सांगितले. कंपनीच्या अध्यक्षांनीही माफी मागितली. तोवर कितीतरी आईबाप वारले होते, आणि त्या वेळची शाळकरी मुले पन्नाशीला आली होती.

लोकांची प्रतिक्रिया या सगळ्यात बघण्यासारखी आहे. आकडे चुकले म्हणून लोक चाळीस वर्षे रागावले नाहीत. चुका माणसांकडून होतात, हे सगळ्यांना कळते. राग होता तो चुकीचे ओझे मेलेल्यांच्या खांद्यावर टाकण्याचा. त्या एका गोष्टीमुळे अपघात हा अपघात राहिला नाही, तो अन्याय झाला.

हा इतिहास आज आठवायला कारण आहे. १२ जून २०२५ रोजी लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान अहमदाबादेत उड्डाण करताच कोसळले. विमानातील २४२ पैकी एकच प्रवासी वाचला. जमिनीवरचेही लोक धरून २६० जण गेले. त्यात मुंबई आणि परिसरातले अनेक कर्मचारीही होते. कंपनीने समाजमाध्यमांवरचे आपले बोधचिन्ह काळे केले. तो शोकाचा रंग होता, त्याला कुणी नावे ठेवू नयेत. पण जुलैमध्ये चौकशीचा प्राथमिक अहवाल आला. त्यातल्या इंजिनाचा इंधनपुरवठा बंद करणाऱ्या बटणांच्या उल्लेखावरून वैमानिकांकडे बोट दाखवणे लगेच सुरू झाले. वैमानिकांच्या संघटनांनी त्याला हरकत घेतली. मृत कॅप्टनच्या नव्वदी ओलांडलेल्या वडिलांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. प्राथमिक अहवाल म्हणजे निकाल नव्हे. दोष कुणाचा हे तुम्ही आम्ही वर्तमानपत्र वाचून ठरवू शकत नाही, आणि ठरवूही नये.

दाबोळीहून आणि मोपाहून उडणाऱ्या विमानांत आपली माणसे रोज बसतात. कुणी आखातात नोकरीला जातो, कुणी लंडनला मुलाकडे. उद्या काही वाईट घडले तर कंपनी रंग कुठला लावते याची आपल्याला फिकीर नाही. कागद सगळे जागेवर राहावेत, त्यांच्या चार प्रती चार ठिकाणी असाव्यात, आणि पूर्ण चौकशी होईपर्यंत मेलेल्यांच्या नावावर कुणी काही लिहू नये, एवढेच मागणे.