बोट, काच आणि लपणारी पट्टी

टॅब्लेटवर चित्रफीत लावली की थोड्याच सेकंदांत पडद्यावरची बटणे आणि पट्ट्या आपोआप दिसेनाशा होतात. फीत थांबवायची असेल तर आधी पडद्याला एकदा बोट लावायचे, मग बटणे उगवतात, मग त्यांतले थांबवण्याचे बटण शोधून पुन्हा बोट लावायचे. वर्गात चित्रफिती दाखवणाऱ्या शिक्षकांच्या हे अंगवळणी पडले आहे. पण विचार केला तर हा प्रकार विचित्रच आहे. टेपरेकॉर्डरचे बटण कधी लपून बसत नसे. ते जिथे असे तिथेच असे, अंधारातही बोटाला सापडे. मग एका साध्या कामासाठी दोन स्पर्श का लागावेत? आणि टॅब्लेट नुसता हातात धरताना अंगठा काठाला लागला, तर फीत भलतीकडे उडी का मारते?

उत्तर शोधायला आपल्याला साठ वर्षे मागे जावे लागेल. टॅब्लेटच्या पडद्यावर दोन निरनिराळ्या घराण्यांच्या कल्पना एकत्र नांदत आहेत, आणि त्यांचे अजून पुरते जमलेले नाही.

पहिले घराणे स्पर्शाचे. इंग्लंडमधील मालव्हर्न येथे रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंट ही संस्था होती. तेथील ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये 'इलेक्ट्रॉनिक्स लेटर्स' या नियतकालिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. त्यांच्यासमोरचा प्रश्न विमानवाहतूक नियंत्रकांचा होता. पडद्यावर विमानांची नावे दिसत आहेत, पण त्यांतल्या एका विमानाविषयी संगणकाला काही सांगायचे तर कळफलकावर त्याचे नाव टंकलिखित करावे लागे. यात वेळ जाई आणि चुकाही होत. जॉन्सन यांनी चित्रनळीच्या काचेवर बारीक तारा बसवल्या आणि बोट लागले की त्या तारेच्या विद्युतधारितेत होणारा फरक संगणकाला कळेल अशी सोय केली. आता नियंत्रकाने पडद्यावरच्या नावाला बोट लावले की पुरे. खरी नवलाई तारांत नव्हती. काचेवरच्या त्याच जागेचा अर्थ संगणकाला हवा तेव्हा बदलता येऊ लागला, ही नवलाई होती.

या कल्पनेचे मोल किती, हे जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत नीट दिसले. १९७० नंतर तेथे जवळजवळ सात किलोमीटर परिघाचा सुपर प्रोटॉन सिंक्रोट्रॉन हा कणत्वरक उभा राहत होता. आधीच्या त्वरकांच्या नियंत्रणकक्षात प्रत्येक उपकरणासाठी वेगळे बटण, वेगळी मूठ, वेगळा दिवा आणि प्रत्येकापर्यंत स्वतंत्र तार असा पसारा असे. त्वरक मोठा झाला की कक्षातल्या भिंतीही लांबत. एवढ्या मोठ्या यंत्राला ही पद्धत परवडणारी नव्हती. नियंत्रणकक्षाची जबाबदारी फ्रँक बेक यांच्याकडे होती. मोजक्या बटणांतून हजारो गोष्टी चालवता येतील असे काही हवे होते, आणि डॅनिश अभियंता बेंट स्टुम्पे यांनी मार्च १९७२ मध्ये एका हस्तलिखित टिपणात त्याचा आराखडा मांडला.

स्टुम्पे यांनी काचेवर तांब्याच्या रेषा कोरल्या. रेषेची जाडी ८० मायक्रोमीटर आणि दोन रेषांमधले अंतरही ८० मायक्रोमीटर. एवढ्या बारीक रेषा डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे काच पारदर्शकच वाटते. रेषांचा असा एक समूह म्हणजे एक धारित्र. आपल्या बोटात पाणी आणि क्षार असल्यामुळे ते विजेचे बऱ्यापैकी वाहक असते. ते काचेजवळ आले की धारित्राची धारिता किंचित वाढते, आणि तेवढा फरक मंडलाला पकडता येतो. (नखाने किंवा सुती हातमोजा घालून फोनचा पडदा चालवून पाहा. तो का चालत नाही हे विद्यार्थ्यांना विचारण्याजोगे आहे.)

सर्नच्या काचेवर अशी फक्त सोळा 'बटणे' होती. सोळा म्हणजे फारच थोडी वाटतात. पण एका बटणाला बोट लावले की त्यामागच्या पडद्यावर सोळा नव्या नावांचे पान येई. म्हणजे दोन स्पर्शांत १६ × १६ = २५६ आणि तीन स्पर्शांत ४०९६ गोष्टींपर्यंत पोहोचता येते. परत मागे जाण्यासाठी एखादे बटण राखून ठेवले तरी हिशेबात फारसा फरक पडत नाही. १९७६ मध्ये हा त्वरक सुरू झाला तेव्हा त्याचे चालक असेच पडदे वापरत होते. त्यांच्या जोडीला हाताने फिरवायचा एक गोळा आणि एक मूठही ठेवलेली होती, हे विसरता कामा नये. एखादी राशी हळूहळू, बारकाईने कमीजास्त करायची तर काचेवरचे बटण कामाचे नाही, हे त्या मंडळींना तेव्हाच ठाऊक होते.

याच सुमारास, १९७२ मध्ये, अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात प्लेटो या संगणकीय शिक्षणपद्धतीची चौथी आवृत्ती तयार झाली. डोनाल्ड बिट्झर हे तिचे जनक. तिच्या पडद्याच्या कडांवरून अवरक्त किरणांचे १६ × १६ असे जाळे सोडलेले होते. बोटाने उभा आणि आडवा किरण अडला की कोणत्या चौकोनात बोट आहे ते कळे. विद्यार्थ्याने उत्तराला बोट लावायचे आणि पुढचा प्रश्न घ्यायचा. शाळा-महाविद्यालयांच्या कामासाठी स्पर्शपडदा वापरण्याची कल्पना टॅब्लेटबरोबर आली असे समजणे म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांचा इतिहास पुसून टाकणे होय.

या सगळ्या पडद्यांत एक गोष्ट समान होती. बटणे मोठी, ठसठशीत आणि सतत दिसणारी होती.

आता दुसरे घराणे. पडद्याच्या वरच्या काठाला आडवी पट्टी, तीत शब्द, शब्दावर गेले की खाली उलगडणारी यादी: ही मेनूची पट्टी माऊसच्या जगातली. डग्लस एंगलबार्ट यांनी १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत माऊसचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील केंद्रात १९७३ मध्ये आल्टो हा संगणक झाला, आणि ॲपल कंपनीच्या लिसा (१९८३) व मॅकिंटॉश (१९८४) या संगणकांनी मेनूची पट्टी पडद्याच्या अगदी माथ्यावर कायमची बसवली.

माथ्यावरच का? येथे पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९५४ चा नियम उपयोगी पडतो. एखाद्या लक्ष्यापर्यंत हात नेण्यास लागणारा वेळ दोन गोष्टींवर अवलंबून असतो: लक्ष्य किती दूर आहे आणि ते किती रुंद आहे. अंतर आणि रुंदी यांच्या गुणोत्तराच्या लॉगरिथमप्रमाणे वेळ वाढतो. दूरचे बारीक लक्ष्य गाठायला वेळ लागतो, जवळचे मोठे लक्ष्य झटकन सापडते. मॅकिंटॉशची पट्टी २० ठिपके उंच होती आणि त्याच्या पडद्यावर इंचाला ७२ ठिपके असत, म्हणजे पट्टी जेमतेम ७ मिलिमीटरची. पण माऊस कितीही जोराने वर ढकलला तरी बाण पडद्याच्या काठाशी अडतो, पुढे जाऊ शकत नाही. म्हणजे त्या दिशेने पट्टी जणू अमर्याद उंच! नेम धरण्याची गरजच उरत नाही.

हीच पट्टी काचेवर आणली की तिचा सगळा फायदा नाहीसा होतो. बोट काठाशी अडत नाही, ते सरळ काचेबाहेर जाते. उलट, काठ ही टॅब्लेट धरण्याची जागा. माऊसला सर्वांत सोपी असलेली जागा बोटाला सर्वांत अवघड, शिवाय चुकून स्पर्श होण्याची शक्यता तेथेच सर्वाधिक. २०१० साली आलेल्या पहिल्या आयपॅडवर घड्याळ आणि बॅटरी दाखवणारी वरची पट्टी २० ठिपक्यांचीच होती. पण त्या पडद्यावर इंचाला १३२ ठिपके असल्याने ती ४ मिलिमीटरांपेक्षाही कमी भरत होती. बोटासाठी किमान ४४ ठिपके जागा सोडा, असे त्याच कंपनीचे सांगणे होते.

दुसरी अडचण याहून खोल आहे. कॅनडातील संशोधक बिल बक्स्टन यांनी १९९० मध्ये ती फार नेटकेपणाने मांडली. माऊसच्या दोन अवस्था संगणकाला कळतात: बाण नुसता फिरतो आहे, आणि बटण दाबलेले आहे. साध्या स्पर्शपडद्यावर बोट काचेला लागण्यापूर्वी कोठे आहे हे संगणकाला ठाऊकच नसते. बोट एक तर नाही, किंवा आहे. 'नुसते घुटमळणे' ही अवस्थाच त्याच्याजवळ नाही. माऊसवर चित्रफीत पाहताना बाण जरा हलवला की बटणे दिसतात, आणि क्लिक मात्र कामासाठी शिल्लक राहतो. बोटाला हलवून दाखवण्याची सोय नाही. म्हणून पहिला स्पर्श 'मी येथे आहे' एवढे सांगण्यातच खर्ची पडतो. आपल्या दोन स्पर्शांचे कारण हे आहे.

टॅब्लेटसाठी म्हणून २०११ मध्ये आलेल्या अँड्रॉइडच्या हनीकोम्ब या आवृत्तीत खालच्या काठाला एक पट्टी कायमची होती. चित्रफीत पाहताना ती पूर्ण जात नसे, फक्त तिचे मंद ठिपके होत. त्याच वर्षीच्या पुढच्या आवृत्तीत पट्टी लपवता येऊ लागली, पण पडद्याला कोठेही बोट लागले की ती परत येई, आणि तो स्पर्श वाया जाई. शेवटी २०१३ मध्ये पट्टी लपलेलीच ठेवण्याची आणि काठावरून आत बोट ओढले तरच ती बाहेर काढण्याची रीत आली. प्रश्न सुटला, पण किंमत पडली. काठावरून बोट ओढायचे असते हे पडद्यावर कोठेही लिहिलेले नसते. ज्याला कोणी दाखवले त्याला ते येते. डॉन नॉर्मन आणि जेकब निल्सन या दोघा तज्ज्ञांनी २०१० मध्येच तक्रार केली होती की दिसणाऱ्या खुणा सोडून हालचालींवर विसंबणारे हे पडदे वापराच्या सोयीच्या दृष्टीने एक पाऊल मागे आहेत. आमच्या मते त्यांचे म्हणणे चूक नव्हते. सर्नच्या पडद्यापुढे नवखा माणूस बसला तरी त्याला काय करता येईल ते वाचता येत असे. आजच्या टॅब्लेटपुढे मुले सराईत असतात आणि पन्नाशीचे शिक्षक त्यांना विचारत बसतात, यात वयाचा दोष थोडा आणि लपवलेल्या पट्टीचा जास्त आहे.

फीत पुढेमागे नेण्याची जी रेघ असते, तिचेही गणित वर्गात करून पाहण्यासारखे आहे. एक तासाची फीत आणि १५ सेंटिमीटर लांबीची रेघ घेऊ. ३६०० सेकंद भागिले १५० मिलिमीटर, म्हणजे एका मिलिमीटरला २४ सेकंद. बोटाचे टोक काचेला ८ ते १० मिलिमीटर व्यापते, म्हणजे बोटाखाली तीन ते चार मिनिटांची फीत झाकलेली असते! संगणक त्या ठशाचा मध्यबिंदू धरतो हे खरे, पण बोट उचलताना ठसा एखादा मिलिमीटर सरकतोच, आणि नेमका प्रयोग हुकतो. सर्नच्या चालकांनी जवळ मूठ का ठेवली होती, ते येथे कळते. आयफोनवर २००९ मध्ये यावर एक युक्ती आली: रेघेवरचे बोट न उचलता खाली ओढत नेले की फीत निम्म्या, पाव आणि त्याहूनही मंद गतीने सरके. युक्ती उत्तमच, पण तीही लपलेली!

आपल्याकडे स्वस्त टॅब्लेट शाळा-महाविद्यालयांत नेण्याचा गाजलेला प्रयत्न म्हणजे ऑक्टोबर २०११ मधला 'आकाश'. त्याचा पडदा धारितेवर चालत नव्हता, दाबावर चालत होता. या जातीच्या पडद्याचे मूळ सॅम हर्स्ट यांच्या १९७१ च्या सुमाराच्या केंटकी विद्यापीठातील कामात आहे. आलेखपट्ट्यांवरचे आकडे वाचण्याचा कंटाळा हे त्या शोधाचे निमित्त. दोन वाहक थर दाबाने एकमेकांना टेकले की विद्युतदाबावरून जागा कळते. नख, पेन्सिल, हातमोजा काहीही चालते, नुसता हात घासला तर सहसा काही होत नाही. पण दर वेळी दाबावे लागते, आणि लोकांनी 'पडदा ऐकत नाही' अशी तक्रार केली. नोव्हेंबर २०१२ मध्ये आलेल्या 'आकाश २' च्या वेळी, ज्यात पवईच्या आयआयटीचा मोठा वाटा होता, धारितेचा पडदा घेतला गेला. स्पर्श हलका झाला, आणि चुकून होणारे स्पर्शही त्याबरोबर आले.

चुकून होणाऱ्या स्पर्शांवरचा उपाय आयपॅडवर २०१२ मध्ये आला. एकाच कार्यक्रमावर पडदा बांधून ठेवायचा, आणि ज्या भागाला स्पर्श लागू द्यायचा नाही त्याभोवती बोटाने कुंपण काढायचे. स्वमग्न मुलांना एका कामावर लक्ष ठेवता यावे आणि वर्गातील परीक्षेत दुसरीकडे जाता येऊ नये, हे त्याचे सांगितलेले उपयोग होते. अँड्रॉइडवर २०१४ पासून एक कार्यक्रम पडद्याला 'टाचून' ठेवता येतो. चित्रफीत दाखवताना शिक्षकांनी ही सोय आधी सुरू करून ठेवावी. ती सेटिंगच्या पोटात दडलेली असते, एवढीच तक्रार.

हात थरथरणाऱ्या मुलांसाठी मात्र कुंपण पुरत नाही. त्यांचे बोट एकदा टेकते, सरकते, पुन्हा टेकते. मेरीलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. स्पर्श केव्हा मोजायचा: बोट टेकताच, बोट फिरत फिरत पहिल्या लक्ष्याला लागताच, की बोट उचलताना? उचलताना मोजले तर वेळ थोडा जास्त लागला, पण चुका सर्वांत कमी झाल्या, कारण बोट सरकवून नेम सुधारायला अवसर मिळाला. २०१५ पासून आयपॅडच्या सेटिंगमध्ये, स्पर्शात अडचण असणाऱ्यांसाठीच्या विभागात, बोट जिथे उचलले तीच जागा धरण्याचा पर्याय मिळतो. तेथेच बोट किती वेळ टेकल्यावर स्पर्श मोजायचा तेही सेकंदाच्या अंशांत ठरवता येते.