मिल्कवीड: एका तणाची हकीगत

रुईचें बोंड उकललें कीं रेशमी केसांची ‘म्हातारी’ वाऱ्यावर निघते. ती खिडकींतून वर्गांत शिरली म्हणजे माझें गणित तेवढ्यापुरतें थांबे! तिच्याच कुळांतील एका अमेरिकन झाडाची हकीगत आज सांगावयाची आहे.

त्याचें इंग्रजी नांव मिल्कवीड, म्हणजे दुधाळ तण. तें माणसाच्या छातीखांद्याइतकें वाढतें. हिवाळ्यांत वरून मरतें, पण मुळांतून दरसाल पुन्हां फुटतें. उन्हाळ्यांत गुलाबी-जांभळ्या सुवासिक फुलांचे गेंद येतात व त्यांवर फुलपांखरांची झुंबड उडते. 1635 सालीं कोर्न्यूत या फ्रेंच वैद्यानें तें सिरियांतलें समजून वर्णिलें. 1753 सालीं लिनीयसनें तीच चूक शास्त्रीय नांवांत कायम केली. बिचारें अजूनही ‘सिरियाका’च म्हणवतें.

मोनार्क या नारिंगी फुलपांखराच्या अळ्या मिल्कवीडच्या जातींखेरीज दुसरें कांहीं खात नाहींत. त्या पानांतील विष त्यांच्या अंगीं मुरतें आणि पक्षी सहसा त्यांच्या वाटेस जात नाहींत. शेतकऱ्यास मात्र तें केवळ तण.

त्याचें दैव एकदां उघडलें तें युद्धांत. 1942 सालीं जपाननें जावा बेट घेतलें आणि जीवरक्षक जाकिटांत भरावयाचा कपोक नांवाचा कापूस अमेरिकेस मिळेनासा झाला. मिल्कवीडची म्हातारी हलकी, पाण्यावर तरंगणारी. 1944 सालीं शाळकरी मुलांनीं रस्त्याकडेचीं बोंडें पोत्यांत भरलीं. दोन पोत्यांनीं एक जीव वांचतो, असें त्यांना सांगितलें जाई. युद्ध संपलें, आणि झाड पुन्हां तण झालें.

मोनार्क हिवाळ्यांत जातात कोठें, हें शोधण्यासाठीं टोरांटोचे फ्रेड अर्कर्ट व त्यांच्या पत्नी नोरा यांनीं पंखांवर चिठ्ठ्या डकविण्यांत कित्येक वर्षें घालविलीं. जानेवारी 1975 मध्यें त्यांच्या सहकाऱ्यांस मेक्सिकोंतील उंच डोंगरावर लक्षावधि फुलपांखरें वृक्षांना लगडलेलीं आढळलीं. मुक्काम सांपडला, वाटेवरचें अन्न मात्र पुढें हरवूं लागलें. 1996 पासून तणनाशकास दाद न देणारें सोयाबीन व नंतर मका आला, आणि शेतांतील मिल्कवीड झपाट्यानें नाहींसें झालें. हिवाळी थवेही घटले.

म्हणून आतां तिकडे लोक तें परसांत लावतात. बीं थंडीपूर्वीं पेरावें. गारठा खाल्ल्यावांचून तें नीट रुजत नाहीं. पहिल्या वर्षीं बहुधा फूल येत नाहीं, पण पुढें मुळें चोहोंकडे पसरतात; तेव्हां जागा कोपऱ्याची व ऐसपैस हवी. पानें कुरतडलेलीं दिसलीं तर औषध फवारूं नये. तीं खाल्लीं जावीं म्हणूनच तर झाड लावलेलें असतें.