चार वाजता, पण कोणत्या घड्याळात?

जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने भारतीय प्रमाणवेळेसंबंधीच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील आण्विक घड्याळांची वेळ देशभर मिलिसेकंद ते मायक्रोसेकंद इतक्या अचूकतेने पोहोचवावी, हा त्यामागचा हेतू. वीजवहन, दूरसंचार आणि बँकांच्या व्यवहारांसाठी ही अचूकता अत्यावश्यक आहे, यात शंका नाही. परंतु एखाद्या संशोधन संस्थेच्या संचालकांचे सामायिक कॅलेंडर सांभाळणाऱ्या स्वीय सहायकाची अडचण निराळी असते. बैठका चुकतात त्या मायक्रोसेकंदाने नव्हे, पूर्ण एका तासाने. घड्याळे अचूक असतात. कोणते घड्याळ मानायचे, याविषयीचा करार मात्र कुठेतरी सुटलेला असतो.

हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय रेल्वे मद्रास वेधशाळेच्या वेळेवर चालत असे. मुंबईचे घड्याळ त्या वेळेच्या सुमारे तीस मिनिटे मागे होते आणि कलकत्त्याचे सुमारे बत्तीस मिनिटे पुढे. १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली प्रमाणवेळ लागू झाली. दर अंशाला चार मिनिटे या हिशेबाने ती ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे येते. ही वेळ मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. गिरणी कामगारांनी विरोध केला आणि महापालिकेनेही ‘मुंबई वेळ’ सोडली नाही. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ पर्यंत जपली, तर मुंबईची वेळ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून राहिली. त्या काळातल्या मुंबईत ‘चार वाजता या’ हा निरोप अपुरा होता. कोणत्या वेळेनुसार, हे सांगितल्याशिवाय भेट ठरतच नव्हती.

कॅलेंडर संगणकावर आले, तेव्हा हीच संदिग्धता नव्या रूपात समोर आली. निरनिराळ्या कंपन्यांची कॅलेंडरे परस्परांची निमंत्रणे वाचू शकत नव्हती. त्यावर उपाय म्हणून नोव्हेंबर १९९८ मध्ये इंटरनेटच्या मानकांमध्ये ‘आयकॅलेंडर’ची भर पडली. या मानकाने वेळ लिहिण्याचे तीन प्रकार ठरवले. पहिला, कोणत्याही वेळक्षेत्राशी न बांधलेली ‘तरंगती’ वेळ, म्हणजे जुन्या मुंबईतले ते नुसते ‘चार वाजता’. दुसरा, जागतिक समन्वित वेळेतला एक निश्चित क्षण. तिसरा, स्थानिक वेळ आणि तिच्याबरोबर वेळक्षेत्राचे नाव. या तिसऱ्या प्रकारात त्या क्षेत्रात घड्याळ कधी पुढे-मागे होते याचे नियमही निमंत्रणाच्या पोटात जोडलेले असतात. दर आठवड्याच्या बैठकीला हाच प्रकार योग्य. कारण यजमानाचे ‘सकाळी दहा’ वर्षभर दहाच राहायला हवेत.

आणखी दोन तरतुदी सहायकाच्या कामाच्या मुळाशी जातात. प्रत्येक बैठकीला एक अनन्य ओळखक्रमांक आणि शून्यापासून वाढत जाणारा आवृत्तिक्रमांक मिळतो. वेळ बदलून तेच निमंत्रण पुन्हा धाडले, तर समोरच्याच्या कॅलेंडरातील जुनी नोंद जाऊन तिथे नवी येते. जुन्या नोंदीला हात न लावता नवे निमंत्रण केले, तर ओळखक्रमांक वेगळा पडतो आणि एकाच बैठकीच्या दोन नोंदी उरतात. दुसरी तरतूद अशी, की यजमान म्हणून अधिकाऱ्याचे नाव असले, तरी निमंत्रण त्यांच्या वतीने प्रत्यक्ष कोणी पाठवले, याची नोंद करायलाही मानकात जागा आहे. बहुतेक निमंत्रितांच्या नजरेस ती कधी पडत नाही. पण दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्या माणसाची आठवण मानक लिहिणाऱ्यांनी ठेवली, ही गोष्ट लहान नव्हे.

तरीही करार मोडतोच, आणि त्याचे ठळक उदाहरण २००७ चे आहे. अमेरिकेने उन्हाळी वेळेचा आरंभ एप्रिलच्या पहिल्या रविवारावरून मार्चच्या दुसऱ्या रविवारावर आणला. न्यू यॉर्कमध्ये २० मार्चला सकाळी दहा वाजता म्हणून ठरवलेली बैठक अनेक संगणकांनी जुन्या नियमाने जागतिक वेळेत रूपांतरित करून आधीच साठवली होती. नवा नियम संगणकात भरताच ती अकरा वाजता दिसू लागली. भारतातल्या कॅलेंडरात तीच बैठक रात्री साडेआठलाच राहिली, वास्तविक ती साडेसातला व्हायला हवी होती. सॉफ्टवेअर कंपन्यांनी दुरुस्तीची साधने दिली. बैठकीच्या शीर्षकातच वेळ लिहा, असाही सल्ला त्या दिवसांत दिला जात होता. इतक्या प्रगत यंत्रणेला अखेर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीचा आधार घ्यावा लागला!

आता वेळक्षेत्रांचे नियम एका सार्वजनिक संग्रहातून जगभरच्या संगणकांना मिळतात. भारताची नोंद त्यात कोलकात्याच्या नावाने आहे. २००८ पूर्वी ती ‘कलकत्ता’ अशी होती, आणि ते जुने नावही चालू ठेवल्यामुळे काही प्रणालींत अजून डोकावते. मद्रास वेळेचे पाच तास एकवीस मिनिटे दहा सेकंद तिथे नोंदलेले आहेत. दुसऱ्या महायुद्धात १९४५ च्या ऑक्टोबरपर्यंत भारताची घड्याळे तासभर पुढे होती, तीही नोंद आहे.

नियम अचूक साठवले, म्हणजे गुंता संपला असे मात्र नाही. भारत २०१७ पासून जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेचा सहयोगी सदस्य आहे, आणि भारतीय संस्थांची अमेरिकी गटांशीही सहकार्ये चालतात. समजा, एका संचालकांच्या कॅलेंडरात जिनिव्हाची साप्ताहिक बैठक तिथल्या दुपारी तीनला आहे आणि न्यू यॉर्कची तिथल्या सकाळी दहाला. हिवाळ्यात भारतात त्या अनुक्रमे रात्री साडेसात आणि साडेआठला येतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेची घड्याळे पुढे सरकतात, युरोपची मात्र शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे दोन्ही बैठका भारतात साडेसातलाच येऊन आदळतात. दोन्ही निमंत्रणे बिनचूक असतात, दिल्लीतले आण्विक घड्याळ जागचे हललेले नसते. कोणत्या यजमानाला तासभर थांबण्याची विनंती करायची, हे फेब्रुवारीतच ओळखून तसे पत्र सहायकालाच धाडावे लागते.