हंगाम बिघडेल म्हणून

थायलंडचं फुकेत बेट पर्यटकांच्या आधी कथलावर जगत होतं. आपल्याकडे कल्हईला लागतं तेच हे कथील. खाणींसाठी आलेल्या चिनी लोकांनी इथली जुनी पेठ वसवली. १९८०च्या दशकात कथलाचे भाव कोसळले, खाणी बंद पडत गेल्या आणि पातोंग, कारोन, कमला या किनाऱ्यांवर हॉटेलं उभी राहिली. नोव्हेंबर ते एप्रिल समुद्र शांत असतो. त्यातही नाताळ ते नववर्ष म्हणजे बेटाची सुगी.

या सुगीला दृष्ट लागेल असं काही बोलणं फुकेतमध्ये कुणाला खपत नसे. थायलंडच्या हवामान खात्याचं प्रमुखपद सांभाळलेल्या स्मिथ धर्मसरोज यांनी १९९८ मध्ये इशारा दिला, की अंदमान समुद्राच्या या किनाऱ्यावर त्सुनामी येऊ शकते. किनाऱ्यालगतच्या हॉटेलांत भोंगे बसवा. पर्यटन बुडवायला निघालेला माणूस म्हणून त्यांच्यावर टीका झाली. भोंगे बसले नाहीत.

२६ डिसेंबर २००४, रविवार. थायलंडच्या घड्याळात आठ वाजायला एक-दोन मिनिटं असताना सुमात्राजवळ समुद्राचा तळ हादरला. लाट फुकेतला पोचायला दीड-दोन तास लागले. एवढा वेळ हाताशी असूनही किनाऱ्यावर कसलीच सूचना आली नाही. पाणी एकाएकी मागे हटलं, तळ उघडा पडला आणि नाताळच्या सुट्टीवर आलेली माणसं कुतूहलाने त्या ओल्या वाळूवर पुढे चालत गेली.

माय खाओ किनाऱ्यावर दहा वर्षांच्या एका ब्रिटिश मुलीला पाण्याच्या फेसाळण्यावरून धोका ओळखता आला. दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला ती त्सुनामीबद्दल शिकली होती. तिने आईवडिलांकडे हट्ट धरला, किनारा रिकामा झाला आणि तिथे कुणीही दगावलं नाही. उत्तरेला सुरिन बेटांवर मोकेन या दर्यावर्दी जमातीच्या वडीलधाऱ्यांना पूर्वजांनी सांगितलेली ‘लाबून’ लाट आठवली. तेही टेकडीवर चढले. ज्ञान होतं. फक्त ते हॉटेलांपर्यंत पोचलं नव्हतं.

थायलंडमध्ये सुमारे ५,४०० मृत्यूंची नोंद झाली. त्यांत निम्म्याच्या आसपास परदेशी पाहुणे होते. एकट्या स्वीडनने पाचशेहून अधिक माणसं गमावली. सर्वाधिक संहार झाला तो फुकेतच्या उत्तरेला, मुख्य भूमीवरच्या खाओ लाकला. तिथे पहाऱ्यावरची ८१३ क्रमांकाची पोलिसी नौका लाटेने किलोमीटरभराहून आत नेऊन टाकली. ती आजही तिथेच, स्मारक म्हणून उभी आहे.

सरकारने मग धर्मसरोज यांनाच बोलावून धोकासूचना यंत्रणेचं काम सोपवलं. मनोरे उभे राहिले, भोंगे बसले. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राजवळ पुन्हा मोठा भूकंप झाला तेव्हा ते वाजले आणि माणसं उंचावर गेली. मोठी लाट आली नाही. तरीही त्या दिवशीची धावपळ वाया गेली असं म्हणणं चूक ठरेल.

जुनी खोड मात्र पुरती गेली नाही. ५ जुलै २०१८ रोजी, भर पावसाळ्यात, हवामानाचा इशारा असतानाही पर्यटकांना घेऊन गेलेली बोट फुकेतजवळ उलटली आणि ४७ चिनी पर्यटक बुडाले. कोकणात तीन नंबरचा बावटा लागला की होड्या किनाऱ्याला ओढल्या जातात. इथे फेऱ्या सुरू राहिल्या.

आता नाताळात मुंबई-पुण्याहूनही कुटुंबंच्या कुटुंबं फुकेतला जातात. त्यांनी पोचल्याच्या संध्याकाळी उंच जागेकडे नेणारी त्सुनामीची निळी पाटी शोधावी आणि ती वाट मुलांना घेऊन एकदा चालून पाहावी.