दोष आईचा नव्हता

भाच्याला ऑटिझम असल्याचं कळलं, तेव्हा नात्यातल्या एका काकूंनी ताईला विचारलं, "तू नोकरी करतेस, म्हणून झालं का गं हे?" ताई गप्प राहिली. मी त्या रात्री वाचत बसलो. प्रश्न काकूंचा नव्हता, खूप जुना होता.

१९४३ मध्ये बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांवर निबंध लिहिला. हा वेगळेपणा जन्मजात असावा, असं त्यांनी त्यात म्हटलं होतं. पण या मुलांच्या आईबापांत फारशी माया दिसत नाही, हेही नोंदवलं. पसरलं ते नेमकं हेच. 'रेफ्रिजरेटर मदर' हा शब्द रूढ झाला.

पहिलं मोठं उत्तर एका बापाने दिलं. अमेरिकी नौदलातले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांचा मुलगा ऑटिस्टिक होता. कारण जैविक आहे, असं त्यांनी १९६४ च्या पुस्तकात मांडलं. प्रस्तावना खुद्द कॅनर यांची! तरीही १९६७ मध्ये ब्रूनो बेटलहाइम यांनी पुस्तक लिहून आयांवरच ठपका ठेवला.

१९६९ मध्ये कॅनर यांनी पालकांच्या सभेत त्यांना दोषमुक्त केलं. १९७७ मध्ये फोलस्टीन आणि रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. ११ एकसारख्या जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघांनाही ऑटिझम होता. उरलेल्या १० भिन्न जोड्यांत एकीतही नाही. आनुवंशिकतेचा पुरावा समोर आला.

त्यालाही आता जवळपास पन्नास वर्षं होतील. काकूंपर्यंत तो पोचला नाही. पुढच्या वेळी ताईऐवजी मी बोलणार आहे.