शिलेदार : स्वतःचा घोडा घेऊन सरहद्दीवर गेलेला स्वार

शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन राजीखुशीने फौजेत दाखल होणारा स्वार. मूळ शब्द सिलाहदार, अर्थात हत्यार बाळगणारा. दुसऱ्याच्या किंवा सरकारच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. आमच्या वरळी कोळीवाड्यात सांगायचं तर होडीचा मालक आणि त्याच्या होडीवरचा खलाशी, एवढा फरक.

मराठेशाहीतली ही पद्धत इंग्रजांनीही चालू ठेवली. १८३९ साली उभा राहिलेला सिंध हॉर्स हा असाच रिसाला. त्यात दिल्लीकडचे मुसलमान स्वार पुष्कळ होते. सिंध पुढे मुंबई इलाख्याला जोडला गेला. १८४७ पासून जॉन जेकबच्या हाताखाली या स्वारांनी वरच्या सिंधची सरहद्द सांभाळली. किल्ल्यात बसायचं नाही, उघड्या मैदानात ठाणं टाकायचं आणि वाळवंटात रात्रंदिवस गस्त घालायची, असा त्यांचा दस्तूर.

घोडा, त्याचा चारा, पोशाख, सगळं पगारातूनच. घोडा मेला की रोजीच गेली. म्हणून रिसाल्यात ‘चंदा’ नावाचा फंड असे. सगळ्यांनी थोडं थोडं घालायचं आणि ज्याचा घोडा गेला त्याला मदत करायची.

पहिल्या महायुद्धात परमुलखात घोडे आणि सामान पुरवणं स्वारांच्या ऐपतीबाहेर गेलं. युद्धानंतर पद्धत बंद झाली.

आपल्या घरात कुणी दफेदार, रिसालदार होऊन गेले असतील, तर त्यांचे पेन्शनचे कागद, पदकं जपून ठेवा. मुलांना दाखवा. आपला इतिहास त्यातही आहे.